घोडा नसलेली हिंदुस्थानी फौज: ‘एज ऑफ एम्पायर्स ३’ इतिहासाच्या अंगाने तपासताना

‘एज ऑफ एम्पायर्स ३: डेफिनिटिव्ह एडिशन’ या संगणकावरच्या डावपेचांच्या खेळात हिंदुस्थानी बाजू घ्या, ‘कॅरवानसराय’ ही पागा बांधा आणि पहिला ‘सोवार’ बाहेर काढा. तो उंटावर बसलेला असतो. पाठोपाठ येणारा छोट्या तोफेचा ‘झंबुरक’ही उंटावर. पुढे ‘माहूत’ आणि ‘हौदा’ येतात, ते हत्तीवर. घोडा हवाच असेल तर तो भाडोत्री सैनिकांबरोबर किंवा फिरंगी मित्राच्या मदतीतून मिळतो. घरच्या पागेत एकही नाही. खेळाचा काळ साधारण १५०० ते १८५०, म्हणजे मोगल, राजपूत आणि मराठे ज्या काळात घोड्याच्या पाठीवर राज्यं उभी करत होते आणि घालवत होते, नेमका तोच. अरबी घोड्यांसाठी चौल, दाभोळ आणि गोवा या बंदरांवर व्यापार चालायचा. मराठी फौजेत बारगीर कोण आणि शिलेदार कोण, हेही घोडा सरकारचा की स्वतःचा यावरून ठरायचं. ‘सोवार’ म्हणजे आपला स्वारच, आणि स्वार म्हटल्यावर घोडा वेगळा सांगावा लागत नाही.

एवढ्यावरून खेळ टाकाऊ ठरत नाही. डावपेचांचा खेळ म्हणून तो आजही तगडा आहे आणि हिंदुस्थानी बाजू त्यातल्या मजेदार बाजूंपैकी एक आहे. प्रश्न इतकाच, की मुलांनी किंवा मोठ्यांनी यातून इतिहासाची जी कल्पना करून घ्यायची, ती कुठे विश्वासाने घ्यावी आणि कुठे मुळीच घेऊ नये. थोडक्यात उत्तर असं: चित्रं बऱ्यापैकी विश्वासाची, नावं निम्मी विश्वासाची, नियम अजिबात नाहीत. आणि डोक्यात नियमच मुरतात, कारण चित्र दहाव्या डावापासून दिसेनासं होतं, नियम मात्र शंभराव्या डावातही पाळावा लागतो.

आधी खरेदीचं. हिंदुस्थानी बाजू २००७ च्या ऑक्टोबरमध्ये ‘द एशियन डायनॅस्टीज’ या विस्तारात, चीन आणि जपान यांच्यासोबत आली. बिग ह्यूज गेम्सने तो एन्सेंबल स्टुडिओजबरोबर बनवला होता. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये हा विस्तार मूळ खेळातच सामावलेला आहे, त्यामुळे वेगळे पैसे मोजू नका. आफ्रिकी राजवटी किंवा भूमध्यसागरी सरदार यांचे जोडविस्तार हिंदुस्थानी बाजूसाठी लागत नाहीत. ‘स्टीम’ या खेळांच्या ऑनलाइन दुकानात सवलतीच्या काळात घ्या. फक्त चाखून बघायचं असेल तर मर्यादित मोफत आवृत्ती आहे, पण तिच्यात खेळायला मिळणाऱ्या बाजू आलटून पालटून बदलतात. हिंदुस्थानी बाजू त्या वेळी खुली आहे का, हे उतरवून घेण्याआधी तपासा.

आता आतला माल.

प्रत्येक बाजूला एक राज्यकर्ता आणि एक ‘होम सिटी’, म्हणजे सामान पाठवणारी मायदेशची राजधानी, असते. आपल्या वाट्याला अकबर आणि दिल्ली आली आहे. युरोपीय बाजू पुढच्या युगात जाताना एखादा राजकारणी निवडतात. आशियाई बाजूंना त्याऐवजी एक ‘वंडर’ बांधावं लागतं. हिंदुस्थानी यादीत पाच वास्तू आहेत: आग्र्याचा किल्ला, चारमिनार, करणी माता मंदिर, ताजमहाल आणि चितोडचा विजयस्तंभ. युगं पाच, म्हणजे उड्या चार, म्हणून एका डावात यांतल्या चारच बांधून होतात.

यादी पर्यटन खात्याच्या दिनदर्शिकेवरून उचलल्यासारखी आहे. अकबराचं राज्य १५५६ ते १६०५. पाचांपैकी त्याची म्हणावी अशी वास्तू एकच, १५६५ पासून नव्याने बांधलेला आग्र्याचा किल्ला. चारमिनार १५९१ चा, पण तो हैदराबादच्या मुहम्मद कुली कुतुबशहाचा. गोवळकोंडा मोगलांच्या हाती लागला १६८७ मध्ये, अकबराच्या पणतूच्या कारकिर्दीत. ताजमहालाचं काम सुरू झालं १६३२ मध्ये. करणी मातेचं देऊळ बिकानेरजवळच्या देशनोकचं, उंदरांसाठी प्रसिद्ध. विजयस्तंभ तर राणा कुंभाने माळव्याच्या सुलतानावरच्या विजयासाठी १५ व्या शतकात उभारलेला, आणि तो ज्या गडावर उभा आहे तो चितोडगड १५६८ मध्ये खुद्द अकबरानेच मोठ्या कत्तलीनंतर घेतला. खेळात अकबर त्याच स्तंभाचं बटण दाबून आपल्या फौजेला चेव आणतो.

खेळाडूच्या दृष्टीने या वास्तूंचे उपयोग वेगवेगळे आहेत. आग्र्याचा किल्ला खरोखर लढाऊ इमारत आहे, म्हणून तो आघाडीच्या बाजूला किंवा जिथे गावकरी उघड्यावर काम करतात तिथे बांधावा. करणी माता कामकऱ्यांचा वेग वाढवते. विजयस्तंभ थोड्या वेळापुरता फौजेला जोर देतो. ताजमहालातून काही क्षणांची युद्धबंदी जाहीर करता येते आणि त्या वेळात कुणीच कुणाला मारू शकत नाही. तटबंदी पडत असताना तोफा माघारी घ्यायला याचा चांगला उपयोग होतो. बेगमेची कबर युद्ध थांबवते ही कल्पना कवीची आहे, इतिहासकाराची नव्हे. पण पाचांतली त्यातल्या त्यात निरुपद्रवी तीच.

चारमिनारातून ‘मनसबदार’ निघतात आणि इथे नावाचा घोटाळा गंभीर होतो. खेळातला मनसबदार म्हणजे त्याच जातीचा, पण अधिक दणकट आणि जास्त किमतीचा शिपाई. त्याच्या आसपासचे त्याच प्रकारचे सैनिक जास्त चांगले लढतात. मनसबदार शिपाई, मनसबदार राजपूत, अगदी मनसबदार हत्तीसुद्धा. खऱ्या मोगलाईत मनसब हा दर्जा होता आणि तो आकड्यात मोजला जायचा: ‘जात’ हा स्वतःच्या मानाचा आकडा, ‘सवार’ हा बाळगायच्या घोडेस्वारांचा. १६६५ च्या पुरंदरच्या तहानंतर संभाजीराजांना पाच हजारी मनसब मिळाली तेव्हा त्यांचं वय नऊही नव्हतं. मनसबदार होण्यासाठी रणात उभं राहावं लागत नव्हतं, घोडे दाखवावे लागत होते. खेळाने पद्धतीचं नाव उचललं आणि ज्यावर ती उभी होती तो घोडाच गाळला. उंटावरचा ‘मनसबदार सोवार’ बघितला की हसावं की रडावं कळत नाही.

शिपाई आणि गुरखा हे बंदूकधारी, पण अकबराच्या हाताखाली. कंपनीने पलटणी उभ्या केल्या १८ व्या शतकाच्या मध्यावर आणि गुरख्यांची भरती सुरू झाली १८१५ च्या आसपास, नेपाळशी लढाई झाल्यावर. तीनशे वर्षं एका छावणीत कोंबायची हे या मालिकेचं जुनंच दुखणं आहे आणि युरोपीय बाजूंनाही ते भोगावं लागतं. फरक असा, की युरोपात शतकं मिसळली तरी देश एकच राहतो. इंग्रजांचा सोळाव्या शतकातला धनुर्धारी आणि एकोणिसाव्या शतकातला रॉकेटवाला दोघेही इंग्रजच. इथे मात्र मोगल बादशहा, त्याचा वैरी असलेला राजपूत गड, दख्खनची स्वतंत्र शाही आणि कंपनीच्या पगारावरचे शिपाई यांना ‘इंडियन्स’ या एका शब्दात गुंडाळलं आहे. याच मालिकेच्या दुसऱ्या भागाने २०२२ मध्ये ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ आणून ही एक पिशवी फोडली. हिंदुस्थानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर अशा चार बाजू केल्या. देवगिरीच्या यादवांना त्यातही हक्काचं घर नाही, तरी निदान एकाच पिशवीत सगळं राहत नाही हे मान्य झालं. तिसऱ्या भागात पिशवी तशीच राहिली.

नावांचे घोटाळे मोजत बसलं तर संध्याकाळ होईल. एकच सांगून पुढे जाऊ: होम सिटीकडून मदत मागवायची ती पत्त्यांच्या (कार्डांच्या) गड्डीतून, आणि आपल्याला सुरुवातीपासून लाकूड पुरवत राहणाऱ्या पत्त्याचं नाव आहे ‘डिस्ट्रिब्युटिव्हिझम’. ही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या कॅथलिक विचारवंतांनी मांडलेली अर्थकल्पना. अकबराच्या दिल्लीत ती काय करते कोण जाणे. पत्ता मात्र गड्डीत ठेवाच, कारण लाकूड कमी पडणारच आहे.

ते का कमी पडतं, इथून खरा मुद्दा सुरू होतो. इतर बहुतेक बाजूंना एक गावकरी १०० अन्नात मिळतो. हिंदुस्थानी गावकरी १०० लाकडात मिळतो. घरं लाकडाची, इमारती लाकडाच्या आणि माणसंही लाकडाची. त्यामुळे सुरुवातीला मिळणाऱ्या सामानाच्या पेट्या उचलून झाल्या की नेहमीच्या सवयीने सगळ्यांना शिकारीवर धाडू नका. निम्मे तरी झाडांवर लावा, नाहीतर दोनेक मिनिटांत गावकरी तयार करणारं टाउन सेंटर रिकामं बसतं आणि अन्नाचा ढीग नुसता साठत राहतो. नवख्यांची सगळ्यात मोठी चूक हीच. भरपाई म्हणून दिल्लीहून येणाऱ्या बहुतेक प्रत्येक खेपेबरोबर एक गावकरी फुकट येतो. खेप मिळते अनुभवगुणांवर, म्हणून ज्या गोष्टीने अनुभवगुण वाढतात ती लवकर बांधायची. ती गोष्ट म्हणजे ‘सेक्रेड फील्ड’, गायींचं कुरण.

हिंदुस्थानी बाजूला शिकार चालते, पण पाळीव जनावर मारून खाता येत नाही. गाय कुरणात नेऊन सोडायची, ती चरते आणि तिच्या चरण्याने अनुभवगुण वाढतात. साखळी अशी: गाय, अनुभवगुण, खेप, गावकरी. खेळाच्या गणितात ती नीट बसते. इतिहासाच्या गणितात दोन ठिकाणी फसते. एक तर अकबराच्या फौजेत, राजपुतांत, दख्खनच्या शाह्यांत आणि मराठ्यांतही मांस खाणारे भरपूर होते. शेळी-मेंढीवर तर कुणाची बंदी नव्हती, पण नियमाने सगळ्या उपखंडाला एकच सोवळं नेसवलं आहे. दुसरं जास्त महत्त्वाचं: लढाईत गुराचं खरं काम कुरणात बसण्याचं नव्हतंच. तोफा ओढायचे बैल. धान्य वाहायचे बैल. लमाणांचे तांडे हजारो बैलांच्या पाठीवर गोण्या घालून दोन्ही बाजूंच्या छावण्यांना धान्य विकत हिंडायचे आणि तांडा अडवला की फौज उपाशी राहायची. खेळाने जनावराला देव केलं आणि कामावरून काढून टाकलं.

उपासमारीवरून या खेळाचा सगळ्यात खोल दोष दिसतो. खेळातला सैनिक आयुष्यात एकदाच जेवतो, जन्माला येताना. शिपाई तयार करताना अन्न वजा होतं, त्यानंतर तो तासभर शत्रूच्या दाराशी उभा राहिला तरी त्याला दाणा लागत नाही, घोड्याला वैरण लागत नाही आणि पगार थकला म्हणून कुणी धरणं धरून बसत नाही. २०० लोकसंख्येची मर्यादा एवढीच काय ती लगाम. पानिपतावर भाऊसाहेबांच्या छावणीला काय झालं हे ज्याला माहीत आहे, त्याने हा नियम मनाला लावून बघावा. १४ जानेवारी १७६१ ला फौज खंदकांतून बाहेर पडली ती मुख्यतः रसद तुटली म्हणून. ‘एज ऑफ एम्पायर्स’च्या नियमांनी ती लढाई मांडली तर मराठे छावणीत निवांत बसून अब्दालीची वाट बघू शकतात. अब्दालीचे उंटावरचे झंबुरक मात्र खेळात आहेत, आणि ते खरे आहेत. उंटावर फिरती छोटी तोफ ठेवण्याची पद्धत होती, आपल्याकडच्या कागदांत त्यांना सुतरनाळा म्हणतात, आणि पानिपतावर त्यांनी मोठी हानी केली. खेळातला झंबुरक भारी घोडदळाविरुद्ध चालतो, म्हणून शत्रूचे कुइरासियर, म्हणजे चिलखती घोडेस्वार, दिसले की तेच काढा. हत्यार बरोबर, माणूस बरोबर, भूक गायब.

ऋतूही गायब. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं, मोहीम आटपून पावसाळ्याआधी परतायचं, कारण आषाढात नद्या ओलांडता येत नाहीत आणि तोफेचा गाडा चिखलात रुततो. या वेळापत्रकावर दख्खनचं सगळं राजकारण चालायचं. विस्तारात ‘डेक्कन’ नावाचा एक नकाशा आहे. तो दिसायला छान आहे, पण त्यात पाऊस कधी येत नाही.

त्याच नकाशात खेळाचा मूळ आराखडाही उघडा पडतो. ‘एज ३’ बनला अमेरिकेच्या वसाहतीसाठी. मायदेशी एक राजधानी, ती जहाजाने सामान पाठवते, इथे मोकळी जमीन, थोडे ‘नेटिव्ह’, थोडे खजिने, तेवढ्यावर वस्ती उभारायची. २००७ मध्ये आशियाई बाजू याच सांगाड्यात बसवल्या. त्यामुळे दख्खनच्या नकाशावर हिंदुस्थानी खेळाडू वसाहतवाला म्हणून उतरतो. जमीन रिकामी आणि राजधानी दूर, दिल्लीत. खरी दख्खन त्या साडेतीनशे वर्षांत कधीही रिकामी नव्हती. बहमनी फुटून झालेल्या पाच शाह्या, प्रत्येक घाटमाथ्यावर गड, प्रत्येक गावात पाटील-कुलकर्णी, प्रत्येक वतनावर भांडण. गंमत अशी, की दिल्लीहून खेपा मागवत दख्खनमध्ये उतरणारा एक माणूस इतिहासात खरोखर होऊन गेला. औरंगजेब १६८१ मध्ये दक्षिणेकडे निघाला आणि १७०७ मध्ये अहमदनगरजवळ मेला. त्याला जमीन रिकामी सापडली नाही, एवढंच.

औरंगजेबाला गड कसे मिळाले हेही खेळात मांडता येत नाही. खेळातला किल्ला फक्त पाडता येतो. आपला वेढा हत्ती आणा, त्याच्या पाठीवरची तोफ डागत राहा, काही मिनिटांत भिंत ढासळते. प्रत्यक्षात १६९९ च्या अखेरीला सुरू झालेला साताऱ्याचा वेढा १७०० च्या एप्रिलपर्यंत चालला आणि मोगलांनी पेरलेला सुरुंग त्यांच्याच माणसांवर उलटला. पुढच्या वर्षांत एकेक गड हाती आला तो बहुतेक किल्लेदाराशी पैशाची बोलणी करून. पाऊस सरल्यावर त्यातले कित्येक मराठ्यांनी परत घेतले. फितुरी, वाटाघाटी, शरणागती, अभय देऊन शिबंदीला बाहेर सोडणं यांतलं काहीच इथे नाही. इमारत तरी असते नाहीतर राख होते. दख्खनचा इतिहास या खेळात सांगता येत नाही, त्याचं मुख्य कारण हे. मराठे यादीत नाहीत ही तक्रार त्यापुढे फार किरकोळ आहे. उद्या कुणी ‘मराठा’ नावाची बाजू आणली आणि किल्ला विकत घेता आला नाही, तर पगडी बदलेल, बाकी काही नाही.

‘कॉन्सुलेट’ म्हणजे वकिलातीची कल्पना मात्र हुशारीची आहे. आशियाई गावकरी काम करता करता ‘एक्स्पोर्ट’ नावाचं चौथं चलन हळूहळू साठवतात. ते वकिलातीत खर्च करायचं. हिंदुस्थानी बाजूला चार मित्र मिळतात: इंग्रज, पोर्तुगीज, फ्रेंच आणि ऑटोमन. एकाशी संबंध जोडला की त्याची फौज, तोफा किंवा सुधारणा विकत घेता येतात. नको झाला तर संबंध तोडून दुसरा धरता येतो. महादजी शिंद्यांनी द बॉयन्य या युरोपीय सेनानीकडून कवायती कंपू तयार करून घेतले त्या काळाचं हे बरं चित्र आहे. पण तोडण्याचं बटण आलं की चित्र फाटतं. दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ ला वसईत तैनाती फौजेच्या करारावर सही केली, त्यानंतर असं बटण त्याच्या हाती राहिलं नव्हतं. फौज पुण्यात, खर्च पेशव्याचा, परराष्ट्र धोरण कंपनीचं. खेळातला मित्र कधीच वाढत नाही, कर्जाचा हिशेब काढत नाही, मुलूख लिहून घेत नाही. कंपनी म्हणजे वाण्याचं दुकान, हवं ते घ्या आणि चालू लागा. एकोणिसावं शतक कळायचं असेल तर हा समज डोक्यातून काढूनच कळेल.

खेळायच्या दृष्टीने सल्ला: वकिलात दुसऱ्या युगातच बांधा. एक्स्पोर्ट फार हळू साठतो, म्हणून तो किरकोळ सुधारणांवर उधळू नका, एका मोठ्या तुकडीसाठी राखा.

भक्तीबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २००७ च्या विस्तारात आशियाई नकाशांवर अमेरिकन जमातींच्या जागी धर्मस्थळं ठेवली: सूफी, झेन, शाओलिन, जेझुइट, उदासी आणि ‘भक्ती’. स्थळाशी मैत्री केली की तिथून लढवय्ये मिळतात. शाओलिनचा लढाईशी संबंध निदान सांगता तरी येतो. भक्तीच्या देवळातून मात्र ‘टायगर क्लॉ’ निघतात, वाघनखांनी लढणारे योद्धे. ज्ञानोबा-तुकारामांच्या, कबीर-मीरेच्या परंपरेतून वाघनखं! मराठी माणसाच्या मनात वाघनख १० नोव्हेंबर १६५९ च्या प्रतापगडाशी जोडलेलं आहे, तेही अस्तनीत लपवायचं, अगदी जवळून वापरायचं हत्यार म्हणून. ते घेऊन सरळ रांगेत धावणारी पलटण कुणी काढली नसती. कुणीतरी संग्रहालयाच्या कपाटातलं विचित्र हत्यार आणि धर्माच्या पुस्तकातलं प्रकरणाचं नाव एकत्र शिवलं, एवढाच याचा उगम दिसतो. त्याच जातीचा प्रकार ‘उरुमी’चा: केरळच्या कळरी या युद्धकलेतली लवचिक तलवार खरी, पण ती घेऊन वेढे फोडणारी फौज ही कल्पनेची भरारी. खेळात उरुमी जमावाविरुद्ध प्रभावी आहेत, दुरून गोळ्या घालणाऱ्यांपुढे पटापट मरतात.

सुरुवातीलाच मिळणारे दोन ब्राह्मण हत्तीवर बसून नकाशा धुंडाळतात, खजिना राखणाऱ्या वाघांशी आणि दरोडेखोरांशी लढतात आणि जखमी सैनिकांना बरं करतात. पेशवाईची आठवण असलेल्यांना लढणाऱ्या ब्राह्मणाचं नवल वाटणार नाही. जखमा बऱ्या करणाऱ्याचं वाटेल.

एकट्याने खेळायची पाच टप्प्यांची मोहीम १८५७ वर आहे. नायक कंपनीच्या फौजेतला नानिब साहिर. या नावात बिठूरच्या नानासाहेबांची सावली न दिसणं कठीण, पण माणूस पूर्ण काल्पनिक. खलनायक कर्नल एडवर्डसन. तो क्रूर निघतो, नायकाचं मन उलटतं आणि तो बंडखोरांना मिळतो. दोन संध्याकाळी बऱ्या जातात. पण बंड एका वाईट साहेबामुळे झालं, एवढंच हातात राहतं. सातारा १८४८ मध्ये खालसा, नागपूर आणि झाशी त्यामागोमाग, दुसऱ्या बाजीरावाच्या मृत्यूनंतर नानासाहेबांची बंद झालेली तनखा, अवध: या कारणांना चेहरा नसतो, म्हणून मोहिमेत ती बसत नाहीत. इंग्रज वाईट दाखवले म्हणून ही मांडणी आपल्या बाजूची आहे असं वाटेल, पण दोष एका कर्नलवर ढकलला की कंपनी सुटते.

डेफिनिटिव्ह एडिशन काढताना निर्मात्यांनी अमेरिकन जमातींच्या बाबतीत खरं काम केलं. ‘इरॉक्वॉय’ आणि ‘सू’ ही बाहेरच्यांनी दिलेली नावं बदलून हॉडेनोसोनी आणि लाकोटा केली, ‘फायर पिट’भोवतीचा नाच काढला, ‘प्लांटेशन’चं ‘इस्टेट’ झालं, ‘कलोनियल’ युगाचं ‘कॉमर्स’ झालं. त्यासाठी त्या समाजांतल्या जाणकारांशी बोलणं झालं. म्हणजे चूक दिसली तर दुरुस्त करता येते हे सिद्ध आहे. हिंदुस्थानी बाजूचा सांगाडा मात्र २००७ चाच राहिला: उंटावरचा सोवार, लाकडाचा गावकरी, अकबराचा विजयस्तंभ. आणि जानेवारी २०२५ मध्ये या खेळाचा पुढचा विकास थांबवल्याचं जाहीर झालं, त्यामुळे अधिकृत दुरुस्तीची वाट बघण्यात अर्थ नाही.

स्वतः दुरुस्ती, म्हणजे ‘मॉड’, करायची असेल तर वाट अशी. तुमच्या विंडोज खात्याच्या फोल्डरमध्ये ‘गेम्स’, त्यात ‘एज ऑफ एम्पायर्स ३ डीई’, त्यात लांब आकड्याचा फोल्डर, मग ‘मॉड्स’ आणि ‘लोकल’. तिथे स्वतःच्या नावाचा फोल्डर आणि त्यात ‘डेटा’ करा. मूळ फाइलींना हात लावायचा नाही. सैनिकांच्या गुणांसाठी ‘प्रोटोमॉड्स’, सुधारणांसाठी ‘टेकट्रीमॉड्स’ आणि नावांसाठी ‘स्ट्रिंगमॉड्स’ या नावाच्या एक्सएमएल फाइली तयार करा. त्यांत फक्त बदललेल्या ओळी लिहायच्या, बाकीचं खेळ मुळातून घेतो. सैनिकाचं आतलं नाव शोधायला खेळाचा मजकूर बांधून ठेवलेली मूळ ‘बार’ फाइल उघडावी लागते, त्यासाठी चाहत्यांनी बनवलेली साधनं आहेत. २००७ च्या विस्तारातल्या सगळ्या आशियाई नावांआधी ‘वायपी’ ही दोन अक्षरं आहेत, ती शोधली की सोवार, शिपाई, राजपूत चटकन सापडतात.

पहिला बदल नावांचा करा, कारण तो बिघडला तरी खेळ चालू राहतो. दुसरा गावकऱ्याच्या किमतीचा: १०० लाकडाऐवजी १०० अन्न. पण हा केलात तर फुकट गावकऱ्याच्या खेपा तशाच ठेवू नका, नाहीतर हिंदुस्थानी बाजू सगळ्यांना चिरडते. तिसरा सोवाराला घोडा देण्याचा, आणि अवघड तोच. नुसतं चित्र बदलून भागत नाही. सोवाराला उंट म्हणून लागणारे खास गुणक वेगळ्या ओळींत असतात, ते तसेच राहिले तर घोड्यावर बसलेला माणूस लढताना उंटच राहतो. ते गुणक काढा, वेग एखाद्या युरोपीय हुसार घोडेस्वाराच्या जवळ आणा आणि आधी संगणकाविरुद्ध चार-पाच डाव खेळून बघा. एखादा टॅग बंद करायचा राहिला तर बहुधा काहीच बदल दिसत नाही, म्हणून प्रत्येक बदलानंतर खेळ बंद करून पुन्हा उघडा आणि एका वेळी एकच बदल करा. मित्रांबरोबर जाळ्यावर खेळताना सगळ्यांकडे हाच मॉड, याच आवृत्तीचा असावा लागतो. नाहीतर जोडणीच होत नाही.

भूक, पावसाळा आणि किल्लेदाराची फितुरी मात्र या फाइलींत कुठेच नाही, त्यामुळे मॉड करूनही ती आणता येत नाही.